तीनशे ठिपक्यांच्या सासूबाई

आमच्या घरात "मी बघतो" हे दोन शब्द फार जपून वापरावे लागतात. स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल मी एकदा "मी बघतो" म्हणालो होतो. तो नळ मी अजून बघतोच आहे, आणि गळता गळता तोही माझ्याकडे बघतो आहे. तेव्हापासून हे शब्द तोंडातून निघू नयेत याची मी खबरदारी घेतो. पण त्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "माझा एक फोटो मोठा करून छापून घ्यायचा होता," आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं या आनंदात मी बोलून गेलो, "आई, तुम्ही काळजीच करू नका. मी बघतो."

बायकोने ताटातून मान वर केली. "आई, तू दुसऱ्या कुणाला तरी सांग," ती म्हणाली.

यानंतर माघार घेणं शक्यच नव्हतं.

फोटो कसला ते सांगतो. आमच्या सासूबाईंनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी गावाबाहेरचं तळं पोहून पार केलं. या काठावरून त्या काठापर्यंत, मध्ये कुठेही सोबतच्या होडीला हात न लावता. हे तळं म्हणजे काही डबकं नव्हे. त्याच्यावरच्या पुलावरून बस जाते तेव्हा मी खिडकीची जागा सोडून आत सरकतो. पाण्याशी माझं नातं आंघोळीच्या बादलीपुरतं आहे, आणि तेही मी ताणत नाही. सासूबाईंचं तसं नाही. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना तरणतलावात, उथळ बाजूला, कठडा धरून चालायला सांगितलं होतं. त्या चालायला गेल्या आणि पोहायला लागल्या. डॉक्टर अजून त्याचं श्रेय घेतात.

या तरणतलावात एक लांबलचक भिंत आहे. जो कोणी तळं पार करतो त्याचा पोहतानाचा फोटो त्या भिंतीवर लागतो. सगळे पिळदार दंडांचे तरुण. त्यांच्यात एकच जागा रिकामी उरली होती, आणि महिनाअखेर तिथे मोठं घड्याळ बसवायचं असं समितीने ठरवलं होतं. म्हणजे सासूबाई तरी लागणार, नाहीतर घड्याळ.

"मला मिरवायचं नाहीये हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "समोरच्या काठावर माझ्या वयाच्या बायका पाय पाण्यात सोडून बसतात. रोज पोहायचे कपडे घालून येतात, बसतात आणि घरी जातात. उतरा म्हटलं की म्हणतात, आता आमचं काय वय राहिलंय. त्यांना समोर काय दिसतं, तर ही सगळी पोरं. एक तरी म्हातारी दिसू दे तिथे."

मला एकदम भरून आलं. मी पुन्हा एकदा म्हणालो, "मी बघतो." बायकोने या वेळी मानही वर केली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून परस्पर तरणतलावाच्या व्यवस्थापकांकडे गेलो. जाताना पाण्यापासून सुरक्षित अंतर ठेवून, भिंतीला पाठ घासत गेलो, त्यामुळे कोटाला चुना लागला. हे व्यवस्थापक वरच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची पट्टी ठेवतात. पाण्याच्या इतक्या जवळ राहून इतका कोरडा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"फोटो दोन फूट बाय तीन फूट," ते म्हणाले. "प्रत्यक्ष तळं पोहतानाचा. आणि रेझोल्यूशन तीनशे डीपीआय. नियम आहे."

मी विमा कंपनीत दावे तपासतो. बारीक अक्षरातल्या अटी वाचणं आणि त्यांवर बोट ठेवून लोकांना परत पाठवणं हा माझा धंदाच आहे. त्यामुळे नियम म्हटलं की मला एक प्रकारचा घरगुती जिव्हाळा वाटतो. डीपीआय म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण ते विचारणं माझ्या हुद्द्याला शोभलं नसतं. मी "अर्थात" म्हणून आलो.

आता मूळ फोटो मिळवायचा होता. तो माझ्या मेहुण्याने काढलेला. त्या दिवशी सोबतच्या होडीत तोच होता. मी फोन केला आणि मूळ फोटो पाठवायला सांगितलं.

"भाऊजी, मूळ फोटो तळ्यात आहे," तो म्हणाला.

"म्हणजे तळ्यातला फोटो ना? तोच हवाय."

"तसं नाही. फोटो तळ्यातच आहे. मी तो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, आणि आई काठाला लागतेय म्हणून ओरडायला उभा राहिलो. फोन गेला पाण्यात. आईने विचारलंसुद्धा, बुडी मारून आणू का म्हणून. मीच नको म्हटलं."

म्हणजे जगात त्या फोटोची एकच प्रत उरली होती, घरच्या ग्रुपवरची. हे ग्रुपवर फोटो पाठवणं प्रकरण फसवं असतं. पाठवताना फोन त्या फोटोला कसा चेपून बारीक करतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही. त्यातून माझ्या फोनवर तो फोटो सापडेना, म्हणून मी शहाणपणा करून बायकोच्या प्रोफाइलवर लावलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढला. तो स्वतःलाच पाठवला. मग ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. इतका प्रवास झाल्यावर माणूसही वाळतो, तिथे फोटोची काय कथा.

पण फोटो सुंदर होता, हे आधी सांगायला हवं. करड्या पाण्याचा मोठा पसारा, आणि मधोमध सासूबाई. नारिंगी टोपी, एक हात पाण्यातून बाहेर पडून पुढे झेपावलेला, आणि श्वास घ्यायला वळलेला चेहरा. तोंड उघडं. त्या हसत होत्या की श्वास घेत होत्या ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही. दमलेला माणूस इतका खूश असू शकतो हे मला तो फोटो पाहीपर्यंत माहीत नव्हतं.

छपाईचं दुकान आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत आहे. तिथले मालक स्वतःला कलावंत समजतात. दुकानात त्यांनीच काढलेला वाघाचा एक एवढा मोठा फोटो आहे की गिऱ्हाईक आधी दचकतं आणि मग भाव विचारतं. मी माझा फोटो त्यांच्या संगणकावर उघडून दिला. त्यांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मग खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हे काय आणलंत तुम्ही?"

"माझ्या सासूबाई."

"त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी फोटोबद्दल बोलतोय. साहेब, फोटो म्हणजे शेवटी ठिपके. एका इंचात तीनशे ठिपके मावले की ते तीनशे डीपीआय. तुमच्याकडे एकूण ठिपके मूठभर, आणि कागद केवढा, तर तीन फुटांचा. एकेरी चादर दुहेरी पलंगावर ओढून ओढून किती ओढणार? हे माझ्या मशीनमधून बाहेर पडलं तर लोक मला काय म्हणतील?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही माझ्याकडे, चादर चोरून आणल्यासारखं पाहिलं. मी मान ताठ ठेवून बाहेर पडलो, पण पायरी चुकली, त्यामुळे मान ताठ ठेवण्याचा उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर मी संगणकावर बसलो. एक चौकट सापडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, रेझोल्यूशन, आणि पुढे बहात्तर. मी बहात्तर खोडून तीनशे लिहिलं. संगणकाने निमूटपणे ऐकलं. मी टाळी वाजवून बायकोला हाक मारली.

"झालं," मी म्हणालो. "उगाच बाऊ करतात लोक."

"फक्त आकडा बदलला आणि झालं?"

"तंत्रज्ञान असंच असतं."

"मग त्या नळावर पण लिहा, दुरुस्त," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी माझा तीनशेचा आकडा पाहिला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "साहेब, दारावर डॉक्टर अशी पाटी लावली म्हणून ऑपरेशन करता येत नाही. ठिपके तेवढेच आहेत. तुम्ही त्यांना फक्त दाटीवाटीने उभं राहायला सांगितलंत. बघा, आता हा खरोखर तीनशे डीपीआयने छापतो." आणि त्यांनी छापला. सासूबाई, तळं आणि आभाळ मिळून सगळं काडेपेटीएवढं. मात्र अतिशय रेखीव. टोपीखालून निसटलेली बटसुद्धा दिसत होती.

मी ती काडेपेटी घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो. म्हटलं, निदान एक अट तर पूर्ण झाली. त्यांनी खिशातली पट्टी काढून फोटो मोजला. लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि मग मी काही लबाडी केली असेल म्हणून कर्णही मोजला.

"ठिपके बरोबर आहेत," ते म्हणाले. "फूट नाहीत."

"फूट हवे असतील तर ठिपके राहणार नाहीत."

"नियमात दोन्ही आहे."

मी रोज ज्या आवाजात लोकांना "पॉलिसीत बसत नाही" असं सांगतो, तोच हा आवाज. समोरच्या खुर्चीत बसून तो ऐकायला कसा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. बरा लागत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक शेजारी राहतात. आम्ही घरात त्यांना महामंडळ म्हणतो, कारण ते एकटेच असले तरी कायम "आमचं मत असं आहे" म्हणतात. माझी अडचण त्यांना जिन्यात कळली. मी सांगितली नव्हती, पण हातात काडेपेटीएवढी सासू घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला अडचण असणारच, हे त्यांनी ओळखलं.

"आमचं मत असं आहे," ते म्हणाले, "की कोणीतरी दुसरी बाई नारिंगी टोपी घालून तलावात उतरवावी आणि पाठमोरा फोटो काढावा."

मी म्हटलं, सासूबाई असताना दुसरी बाई कशाला. त्यावर ते जरा हिरमुसले, पण लगेच सावरले. त्यांच्या फोनमध्ये एक ॲप होतं. वाईट फोटो त्यात घालायचा, चांगला बाहेर येतो. नसलेले ठिपके ते स्वतःच्या अकलेने भरतं. मी कृतज्ञतेने त्यांचा हात दाबला.

ॲपने खरोखर चमत्कार केला. फोटो मोठा झाला, लख्ख झाला, पाण्याचा थेंब न् थेंब मोत्यासारखा सुटा झाला. संध्याकाळी मी तो घरच्या टीव्हीवर लावला आणि सगळ्यांना बोलावलं. सासूबाई पोहून आल्या होत्या, केस अजून ओले होते. त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या आणि पाहत राहिल्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"आई, तुम्हीच."

"मी? हिला तर सुरकुतीच नाही. दात बघा केवढे, आणि सगळे पांढरेशुभ्र. माझा इथला एक दात गेलाय, तो या फोटोत उगवलाय." मग त्या जरा जवळ गेल्या. "आणि जावईबापू, हिच्या हाताला बोटं किती आहेत?"

बोटं सहा होती. मी आधी मोजली नव्हती. आपल्याच सासूबाईंची बोटं मोजायची वेळ येईल असं कुणाला वाटतं.

मेहुणाही आला होता. तो म्हणाला, "सहा बोटांनी पाणी जास्त कापलं जात असेल." बायको हसून हसून खुर्चीत बसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "पोहले मी आणि भिंतीवर ही जाणार का?"

मी टीव्ही बंद केला.

मग सासूबाईंनाच माझी दया आली असावी. "तुम्ही असे तोंड पाडून बसू नका," त्या म्हणाल्या. "त्यात काय, मी परत पोहते. तुम्ही काठावरून चांगला फोटो काढा."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, जणू मी दुकानात पिशवी विसरलो होतो आणि त्या जाऊन घेऊन येणार होत्या. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. अख्खं तळं, पुन्हा, जावयाला तोंड पाडून बसावं लागू नये म्हणून. पण तळ्याच्या पहारेकऱ्यांनी सांगितलं की पोहण्याचा मोसम संपला, आता पुढच्या वर्षी. आणि महिना तर संपत आला होता.

शेवटी मी पुन्हा दुकानात गेलो आणि म्हणालो, "कसाही येऊ दे, तीन फुटांचा छापा." त्याआधी एक शहाणपणाचं काम झालं होतं. बायकोने ग्रुपवर मागे मागे जात तिच्या भावाने सर्वात आधी टाकलेला फोटो शोधून दिला होता. माझ्या प्रवास करून आलेल्या फोटोपेक्षा तो बराच अंगाने भरलेला होता, पण तीनशे डीपीआय त्याच्यापासूनही कोसभर लांब. दुकानदार म्हणाले, "मी छापतो, फक्त तुम्हाला अद्दल घडावी म्हणून. आणि चांगल्या कागदावर नाही, फ्लेक्सवर. खाली माझ्या दुकानाचं नाव टाकणार नाही."

छापून झाल्यावर त्यांनी तो काउंटरवर पसरला. मी वाकून पाहिलं. सासूबाई गेल्या होत्या. त्यांच्या जागी नुसते चौकोन होते. नारिंगी चौकोन, गव्हाळ चौकोन, करडे चौकोन. नाक शोधायला मला वेळ लागला, आणि सापडलं ते कोपर निघालं. दुकानदारांनी हाताची घडी घातली आणि वाघाकडे पाहिलं.

मी ती गुंडाळी काखेत मारून घरी आणली आणि दाराच्या मागे उभी केली. बायकोला सांगितलं, "मी हरलो. घड्याळ लागू दे." ती काही लागट बोलली नाही. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

सकाळी उठलो तर गुंडाळी जागेवर नव्हती. बायकोने ती गॅलरीच्या कठड्याला बाहेरच्या अंगाने बांधली होती, कुंड्यांना ऊन लागतं म्हणून. "एवढा चांगला फ्लेक्स वाया कशाला घालवायचा?" ती म्हणाली. तीन मजल्यांची आमची इमारत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि कठड्यावरून माझं अपयश रस्त्याकडे तोंड करून लटकत होतं.

मी ऑफिसला निघालो तर पेपर टाकणारा सायकल थांबवून म्हणाला, "साहेब, फोटो एक नंबर." मी मान खाली घातली. समोरच्या औषधाच्या दुकानातून हाक आली, "सासूबाई अगदी जिवंत वाटतात हो." मी पावलं उचलली. कोपऱ्यावर महामंडळ भेटले. ते म्हणाले, "आमचं मत असं आहे की अप्रतिम." इतकी वर्षं मी या गल्लीत मान राखून राहिलो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आता सगळी गल्ली ठरवून माझी टिंगल करत होती. वर बघण्याचं माझं धाडसच झालं नाही. बसमध्ये बसल्यावरही कान तापलेले होते.

संध्याकाळी परत आलो तर सासूबाई रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानासमोर, खांद्यावर पोहण्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या वर बघत होत्या. मी खाली मान घालून फाटकात शिरणार, तोच त्यांनी हाक मारली.

"जावईबापू, इकडे या."

"आई, मी लगेच काढून टाकतो तो. तिनेच बांधला."

"आधी इकडे तर या."

मी रस्ता ओलांडून गेलो. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि शाळेतल्या पोराला फळ्याकडे वळवावं तसं मला वळवलं.

वर आमच्या गॅलरीत सासूबाई पोहत होत्या.

चौकोन कुठेच नव्हते. करडं पाणी होतं, नारिंगी टोपी होती, पुढे झेपावलेला हात होता, बोटं पाचच होती. आणि तो वळलेला चेहरा, दमलेला आणि खूश. ती गव्हाळ आणि करड्या रंगाची खिचडी इतक्या लांबून पाहिल्यावर आपली आपण जुळून आली होती. मी रस्ता ओलांडून फाटकापाशी गेलो तर चेहरा विसकटला. परत पलीकडे आलो तर सासूबाई परत आल्या. मी तीनचार वेळा ये-जा केली. एका रिक्षावाल्याने माझ्या आणि माझ्या वाडवडिलांच्या डोळ्यांबद्दल चौकशी केली.

"छान आलाय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी अशी दिसते पोहताना? मला कधी दिसलंच नव्हतं."

मी त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं फ्लेक्स घेऊन तलावावर गेलो. व्यवस्थापकांनी तो रिकाम्या जागेवर धरायला लावला आणि स्वतः पट्टी काढून भिंतीला नाक लावलं. "लांबी-रुंदी बरोबर," ते म्हणाले. "पण इंचात तीसही ठिपके नाहीत. हे चौकोन बघा. नियमात बसत नाही."

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही हे फोटो बघायला रोज भिंतीला नाक लावता का?"

"तपासायला लावतो."

"आणि बघायला?"

व्यवस्थापकांनी विचार केला. बहुधा ते फोटो बघायचेही असतात हे त्यांना आजच कळलं. सासूबाई तलावाला वळसा घालून समोरच्या काठावर गेल्या, जिथे त्यांच्या मैत्रिणी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या, आणि तिथून त्यांनी व्यवस्थापकांना हात केला. ते गेले. मी भिंतीला टेकून फ्लेक्स धरून उभा होतो, त्यामुळे मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी आधी पट्टी डोळ्यांसमोर धरली. मग पट्टी खाली गेली. मग ते एका बाईच्या शेजारी, चक्क ओल्या काठावर, बसले.

परत आले तेव्हा त्यांची पँट मागून भिजली होती आणि आवाज जरा कमी कोरडा होता. "दिसतो छान," ते म्हणाले. "पण नियमात तीनशे लिहिलंय."

आता मात्र माझी पाळी होती. इतकी वर्षं बारीक अक्षरं वाचली ती काय उगाच. मी नियमांचा कागद मागितला आणि त्यांच्याच पद्धतीने बोट ठेवून वाचला. तीनशे डीपीआय, असं होतं खरं. पण त्याच्या आधी एक वाक्य होतं, जे पट्टीच्या नादात आजवर कोणी वाचलं नसावं: फोटो प्रेक्षकांना स्पष्ट दिसेल असा असावा, त्यासाठी रेझोल्यूशन तीनशे.

"साहेब, हेतू आधी लिहिलाय, आकडा नंतर," मी म्हणालो. "प्रेक्षक समोरच्या काठावर बसतात. त्यांना स्पष्ट दिसतं का, एवढंच विचारा."

व्यवस्थापकांनी तलावापलीकडे हाक मारून विचारलं. पलीकडून इतक्या बायका एकदम "दिसतो" म्हणाल्या की छताखालची कबुतरं उडाली.

फोटो लागला. घड्याळ आता कचेरीत आहे. छपाईवाले तो बघायला मुद्दाम आले, दारापाशीच थांबून लांबून पाहिला आणि म्हणाले, "कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव टाकू का?"

सासूबाई रोज मला म्हणत, "चला की एकदा, बघायला." मी टाळत होतो. समोरचा काठ खोल बाजूचा, तिथे बसायचं म्हणजे पाय पाण्यात सोडायचे. एका रविवारी मात्र त्यांनी ऐकलं नाही. माझ्यासाठी त्यांनी नारिंगीच टोपी आणली होती. मी उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून, कठडा दोन्ही हातांनी आवळून, छातीइतक्या पाण्यात उतरलो. शेजारून एक थोराड बाई पाण्यात चालत गेल्या, कठडा न धरता. "महिनाभर तिथे वर बसत होते," त्यांनी समोरच्या काठाकडे बोट दाखवून मला सांगितलं. "फोटो लागल्यावर उतरले. त्या तुमच्याच का सासूबाई?"

"माझ्याच," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या अभिमानाने मी दुसरं काही माझं म्हटलेलं नाही.

"वर बघा आता," सासूबाई म्हणाल्या. "इथून सगळ्यात चांगला दिसतो."

मी मान मागे टाकून वर पाहिलं. खरंच, तिथून तो सगळ्यात चांगला दिसत होता. पाण्यातून पाहिलं की फोटोतलं पाणी आणि आपलं पाणी एकच वाटायचं. मी पाहत राहिलो. टोपीखालून निसटलेली बटसुद्धा मला दिसली, जी त्या चौकोनांत असणं शक्यच नव्हतं. ती मी त्या काडेपेटीवर पाहिली होती.

"दिसली का बोटं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाच," मी म्हणालो, आणि मोजायला हात वर केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात मोकळे आहेत, पाय फरशीला लागत नाहीत, आणि माझ्या पाठीखाली सासूबाईंचा तळहात आहे.

"वरच बघत राहा," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."